टाकीखालचं पाणी

सातपुड्यातल्या मोलगीत मी हातपंपांचं, विहिरींचं आणि झिऱ्यांचं पाणी तपासते. माझ्या किटमध्ये फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्लोराइड आणि कठीणपणा तपासायची सोय आहे. जंतूंसाठी वेगळी बाटली असते, दूषित पाणी असेल तर ती काळी पडते. पेट्रोल किंवा डिझेल ओळखणारं मात्र त्यात काहीच नाही. आमच्या डोंगरात जीपा, मोटरसायकली, डिझेल इंजिनं वाढत चालली आहेत, त्यामुळे ही उणीव मला बोचते.

पेट्रोल पंपावरचं इंधन फरशीखालच्या टाक्यांत असतं, एकेका टाकीत हजारो लिटर. पंपावरची माणसं डिप रॉड घालून साठा मोजतात. विक्री आणि डिप यांचा मेळ सतत बसेनासा झाला, तर टाकी किंवा पाइप गळत असण्याची शंका घ्यायलाच हवी. कारण थेंबाथेंबाने गळणारं इंधन वर दिसत नाही, ते मुरत मुरत भूजल गाठतं. अमेरिकेत अशा टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायदा झाला. तेव्हापासून तिथे पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत.

इंधन पाण्यावर तरंगतं, पण त्यातलं बेंझिन पाण्यात विरघळून पुढे सरकतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एका थेंबाहूनही कमी. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून बेंझिन जात नाही. पाणी उकळलं तर ते हवेत मिसळतं आणि चुलीपाशी बसलेल्या बाईच्या श्वासात जातं.

तरीही जमीन स्वतःला काही प्रमाणात स्वच्छ करते, आणि याच्या सर्वांत सखोल अभ्यासांपैकी एक अमेरिकेतल्या मिनेसोटात, बेमिजीजवळ झाला आहे. तिथे २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं काढलं, तरी चार लाख लिटरच्या आसपास जमिनीत राहिलं. १९८३ पासून शास्त्रज्ञ तिथल्या निरीक्षण विहिरींचं पाणी तपासत आले आहेत. त्यांना दिसलं की मातीतले जंतू तेल खातात. त्यासाठी ते आधी पाण्यातला प्राणवायू वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग वाळूच्या कणांवरचं लोह. तेही सरलं की मिथेन वायू तयार होऊ लागतो. जंतू असे कामाला लागल्यामुळे बेंझिन पाण्याच्या वेगाने दूरवर गेलं नाही.

अशा अभ्यासांतून देखरेखीखालच्या नैसर्गिक शुद्धीकरणाची पद्धत रुजली. आधी गळती बंद करायची, टाकी रिकामी करायची, तरंगतं इंधन उपसायचं. मग गळतीच्या वरच्या अंगाला, मध्ये आणि उताराला निरीक्षण विहिरी घेऊन वर्षानुवर्षं मोजायचं: बेंझिन घटतंय का, प्राणवायू कुठे संपतो, विरघळलेलं लोह कुठे वाढतं. हे मोजणं थांबलं तर उरते ती निव्वळ हयगय. बेमिजीतही जंतूंना मिळणारं लोह हळूहळू संपत गेलं तशी दूषित पाण्याची हद्द पुढे सरकली, आणि अर्धवट खाल्लेल्या तेलाची संयुगं बेंझिनपेक्षा लांब पोहोचली. आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही असतं. जंतू आधी त्याच्यावर तुटून पडतात, प्राणवायू त्यातच खर्च होतो आणि बेंझिनची पाळी लांबते.

शिवाय बेमिजीला वाळू आहे, सातपुड्यात काळा पाषाण. आमच्याकडे पाणी मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून वाहतं. शेजारशेजारच्या दोन बोअरपैकी एकाला भरपूर पाणी आणि दुसरा कोरडा, हे इथे सगळ्यांनी पाहिलंय. इंधनही तसंच जवळची विहीर चुकवून लांबच्या झिऱ्यात उगवू शकतं. भेगेतून पाणी वेगाने पळालं तर जंतूंना वेळही कमी मिळतो. म्हणून आमच्यासारख्या भागात निरीक्षण विहिरींबरोबर उतारावरचे झिरेही तपासलेच पाहिजेत.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तसंच प्रत्येक पेट्रोल पंपाच्या उताराला एक निरीक्षण बोअर असावा आणि त्याचं पाणी बेंझिन मोजणाऱ्या प्रयोगशाळेत जावं, असं मला कळकळीने वाटतं. आणि शुद्धीकरणाला कितीही वर्षं लागोत, गावाला गळती कळल्याच्या दिवसापासून दुसरीकडचं पाणी मिळालंच पाहिजे.

तोपर्यंत प्रत्येकाला करता येईल असं एक काम आहे. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर काडीने हलवून पाहा. खपल्यांसारखे तुकडे पडले तर तो बहुधा लोहाचा असतो. हलवल्यावर पुन्हा जुळून आला, किंवा पाण्याला रॉकेलसारखा वास आला, तर ते पाणी पिऊ नका, जवळ काडी पेटवू नका, जागा आणि तारीख लिहून ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा. आणि तवंग दिसला नाही, वास आला नाही, तरी पेट्रोल पंपाच्या उताराला राहणाऱ्यांनी तपासणीची मागणी सोडू नये. एवढंसं बेंझिन डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.