लग्न दोघांचं, नियम सगळ्यांचे

कला शाखेत गेलेल्या मुलीने समाजशास्त्र घेतलं की घरचे समाधानाने म्हणतात, 'सोपा आहे, मार्क पडतील.' यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून चालतो, ही माहितीही कोणीतरी पुरवतं. एफवायबीएला शिकवणाऱ्यांना मात्र तो सोपा वाटत नाही. रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला 'मला यातलं सगळं ठाऊक आहे' असं कोणी म्हणत नाही. जात, कुटुंब, लग्न यांबद्दलची मतं मात्र मुलं घरूनच घेऊन येतात. एक म्हणतो, 'जात आता राहिलीय कुठे?' दुसरी म्हणते, 'आमच्यात असंच असतं.'

ही दोन्ही मतं तपासायला वर्तमानपत्रातलं 'वधू-वर पाहिजेत'चं पान पुरेसं आहे. रकाने जातीनुसार लावलेले. '९६ कुळी, बी.ई., पुण्यात स्वतःचा फ्लॅट, अनुरूप वधू हवी' अशा धाटणीचा मजकूर. कुठे पोटजात, कुठे पत्रिका-मंगळाचा उल्लेख, कुठे 'एससी, एसटी क्षमस्व'. मुलाच्या माहितीत पगार आणि घर, मुलीच्या माहितीत रंग आणि 'गृहकृत्यदक्ष'. 'जातीची अट नाही' हे शब्द प्रथम विवाहाच्या जाहिरातींत जास्त येतात की पुनर्विवाहाच्या? मोजायला बसलं की वर्गातली चर्चा मतांवरून पुराव्यावर येते.

प्रत्येक जाहिरात देणारा म्हणेल, ही आमची घरगुती बाब आहे. मग शेकडो घरगुती बाबी एकाच साच्यात कशा बसतात? एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली हाच प्रश्न याहून अवघड जागी विचारला होता. आत्महत्येइतकी एकट्याची कृती दुसरी नाही, तरी प्रत्येक देशातलं तिचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही आणि प्रॉटेस्टंटांमध्ये ते कॅथलिकांपेक्षा जास्त दिसतं, हे त्याने आकडेवारीवरून दाखवलं. त्याचं कारण त्याने समाजाशी असलेल्या बांधिलकीच्या घट्ट-सैलपणात शोधलं. माणसाच्या बाहेर असणारा आणि त्याच्यावर दाब आणणारा असा जो नियम, त्याला पाठ्यपुस्तक 'सामाजिक तथ्य' म्हणतं. परीक्षेत त्यावर टीप येते. जाहिरातींच्या पानावर ते छापलेलंच असतं.

जातीबाबत हा दाब नेमका कुठे असतो, हे एका विद्यार्थ्यानेच सांगून ठेवलंय. मे १९१६मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचं मर्म अंतर्विवाहात, म्हणजे जातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे, असं त्यांनी मांडलं. जोडीदार मेल्यावर मागे राहिलेली स्त्री किंवा पुरुष जातीबाहेर लग्न करू शकतो आणि कुंपण मोडू शकतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्यांनी या धोक्याशी जोडून दाखवल्या. जात आणि स्त्रियांवरची बंधनं हे दोन वेगळे धडे नाहीत, हे इथे कळतं.

'आमच्यात असंच असतं'चं उत्तर इरावती कर्वे यांच्याकडे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी देशभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला. त्यावरचा ग्रंथ १९५३ साली आला. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करतात. उत्तर भारतातल्या बहुतेक हिंदू घरांत ती बहीणच, तिच्याशी लग्न म्हणजे अब्रह्मण्यम्! एका ठिकाणची रीत दुसरीकडे पाप ठरते, हे लक्षात आलं की 'नैसर्गिक' हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

वर्गाने इथे थोडं थांबायलाही हवं. जाहिरातींचं पान म्हणजे अख्खा समाज नव्हे. ओळखीतून जमलेली लग्नं त्यात नाहीत, प्रेमविवाह नाहीत, जाहिरातीचे पैसे न परवडणारेही नाहीत. म्हणून मोठ्या पाहणीशी ताळा घ्यावा लागतो. २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे पाच टक्केच निघालं. संशोधनपद्धतीचा धडा असा पाठांतराशिवायही शिकता येतो.

या विषयाचं भारतातलं उगमस्थान मराठी मुलांना दूरचं नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला; पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. पुढे मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो घडवला. कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. तरीही बऱ्याच ठिकाणी हा विषय गाइडमधल्या 'व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार' यांतच आटोपतो.

आंतरजातीय विवाह करणाऱ्या ठरावीक प्रवर्गांतल्या जोडप्यांना महाराष्ट्र सरकार ५० हजार रुपयांचं अर्थसाहाय्य देतं. कायद्याने पूर्ण मोकळ्या असलेल्या गोष्टीला प्रोत्साहन म्हणून पैसे का द्यावे लागतात? एफवायच्या विद्यार्थिनीला हे चार वाक्यांत, मत न देता समजावता आलं, तर तिला समाजशास्त्र येऊ लागलं असं खुशाल समजावं.