हिंदीतला 'ही' आणि आपला 'ही'

'मैं ही जाऊँगा' याचा अर्थ 'मीही जाईन' असा घेतलात तर घोळ होईल. हिंदीत 'ही' म्हणजे आपला 'च', आणि आपल्या 'ही'साठी तिथे 'भी'.

हिंदीचा हा 'ही' सर्वनामांत असा काही विरघळतो की शोधावा लागतो: वह-वही, इस-इसी, मुझ-मुझी, तुम-तुम्हीं. 'उसने ही कहा' चालतं आणि 'उसी ने कहा'सुद्धा, म्हणजे शब्द आणि 'ने' यांच्या मधे घुसायची त्याला मुभा आहे. आपला 'च' शिस्तीचा. प्रत्यय आधी, मग तो: त्यानेच, घरातच. (क्रियापदाला लागला की मात्र वेगळाच रंग. 'आलोच' म्हणणारा अजून निघालेलाही नसतो!)

हा 'च' जुना आहे. ज्ञानेश्वरीत तो 'चि' या रूपात भेटतो. त्याआधी, बाराव्या शतकात, हेमचंद्रांनी प्राकृत व्याकरणात जोर देणारे 'चेअ', 'चिअ', 'च्च' नोंदवलेत. कोकणीतही 'च'च. गुजराती 'हुं ज' म्हणते, बंगाली 'आमिइ'. बंगालीत 'मीपण'साठी नुसता 'ओ' पुरतो: 'आमिओ'.

तुमच्या बोलीत 'मीच' कसं म्हणतात? कमेंटमधे लिहा.