मुखचूर्णांतील प्लॅस्टिक

पंढरपुरच्या कुंकवाची पुडी ज्या देवघरांत नाहीं असें घर आम्हां सोलापूरकरांत विरळाच. हळदीवर लिंबाचा रस, तुरटी व टाकणखार ह्यांचा संस्कार करून तें कुंकूं सिद्ध करीत, आणि कपाळीं टिकावें म्हणून आधीं मेणाचें बोट टेकीत. प्रसाधनांतील प्रत्येक जिन्नस घरांतील बायकांस नांवानिशीं ठाऊक असे. हल्लीं मात्र मुखचूर्णाच्या कांहीं डब्यांवर ‘पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट’ असें अगडबंब नांव आढळतें, तेव्हां सुना-लेकींनीं ‘हें काय?’ म्हणून विचारावें ह्यांत नवल नाहीं.

हें एक प्लॅस्टिक आहे. जर्मनींतील ऑटो रोम ह्या रसायनज्ञाच्या कारखान्यानें १९३३ सालीं तें ‘प्लेक्सिग्लास’ ह्या नांवानें पुढें आणलें. मूळ द्रवाचे रेणू सांखळीसारखे एकमेकांस जोडले कीं काचेसारखा पारदर्शक घन पदार्थ तयार होतो. घरांतील वडील मंडळींच्या कवळीची गुलाबी हिरडी बहुधा ह्याचीच असते. दुसऱ्या महायुद्धांत विमानाच्या फुटलेल्या तावदानाचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनहि डोळा त्यांस फारसा विरोध करीत नाहीं, हें हॅरल्ड रिडली ह्या इंग्रज नेत्रवैद्यांनीं हेरलें, व १९४९ सालीं लंडन येथें मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यांत त्याच द्रव्याचें भिंग बसविलें. (डबीवरील घटकांचीं नांवें इतक्या बारीक अक्षरांत असतात कीं तीं वाचावयास आमच्या वयाच्या माणसांस तें भिंगहि पुरत नाहीं!)

मुखचूर्णांत ह्याच प्लॅस्टिकच्या, थोड्या मायक्रॉन व्यासाच्या, वाटोळ्या गोळ्या असतात. वाटोळ्या म्हणून त्या बोटाखालीं सुळसुळीत लागतात, त्वचेवरील तेल टिपतात, आणि प्रकाश चोहोंकडे पसरवून सुरकुत्या झांकतात. सुरकुती जागच्या जागींच असते. घट्ट झालेला हा कण त्वचेवर लावल्यानें अपाय होत नाहीं, असाच आजवरच्या परीक्षणांचा निष्कर्ष आहे. उगाच भय घालणें आम्हांस पसंत नाहीं. मूळ द्रवाची गोष्ट निराळी. कृत्रिम नखें चिकटविण्याकरितां तो वापरल्यानें बोटांस व नखांस इजा झाल्या, म्हणून अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत सरकारास हात घालावा लागला. हौसेनें नखें लावून घेणाऱ्या मुलींनीं एवढें अवश्य विचारून घ्यावें.

आमची खरी तक्रार मोरीपासून पुढें सुरू होते. चेहरा धुतला कीं हे कण सांडपाण्यांत जातात. मेण व हळद कालांतरानें कुजून मातींत मिळतात. हे कण कुजत नाहींत. शुद्धीकरणांत पुष्कळसे गाळांत अडकतात खरे, पण तो गाळ शेतांत पडला तर तेहि तेथेंच राहतात. म्हणूनच युरोपीय संघानें २०२३ सालीं असे सूक्ष्म कण मुद्दाम मिसळण्यावर निर्बंध घातले. मात्र तोंडास, ओठांस व नखांस रंगविण्याच्या जिनसांस २०३५ पर्यंत सवलत ठेविली. नदीस ती कोणी विचारून दिली नाहीं.

सुळसुळीतपणा मक्याच्या वा तांदळाच्या सत्त्वानेंहि बऱ्याच अंशीं येतो, चमक अभ्रकानें येते. नवी डबी घेतांना तीं नांवें शोधावीं. घरांत असलेली टाकून देण्याचें कारण नाहीं. ती संपेपर्यंत तोंड धुण्यापूर्वीं कापसाच्या बोळ्यानें चूर्ण पुसून काढावें, आणि तो बोळा मोरींत न टाकतां केराच्या डब्यांत टाकावा.