संगणक जुना की कार्यप्रणाली जुनी?

कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा. जुन्या जालन्यातील एखाद्या शाळेत २०१५-१६ च्या सुमारास घेतलेला संगणक आहे असे धरू. तो सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागतात आणि ‘विंडोज १०’ची मुदत संपल्याची सूचना पडद्यावर येते. हा संगणक भंगारात काढावा की त्यावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चढवावी? निर्णय घेण्यापूर्वी नेमके काय जुने झाले आहे ते पाहू.

कार्यप्रणालीचे काम

शाळेत प्रयोगशाळा एक आणि वर्ग अनेक असतात. मुख्याध्यापक तासांचे वाटप करतात म्हणून गोंधळ होत नाही. संगणकातील प्रोसेसर, स्मृती (रॅम), हार्ड डिस्क आणि छपाईयंत्र यांचे असेच वाटप कार्यप्रणाली करते. कोणता प्रोग्रॅम कधी चालेल, त्याला किती स्मृती मिळेल, कोणती फाइल कोणाला उघडता येईल, हे ती ठरवते.

हे काम वर्षागणिक वाढत गेले. १९९५ च्या ‘विंडोज ९५’ला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरत असे. २००१ च्या ‘एक्सपी’ला ६४ मेगाबाइट लागत, तर २०२१ च्या ‘विंडोज ११’ला किमान ४ गिगाबाइट लागते. म्हणजे २६ वर्षांत गरज सुमारे हजारपट झाली! शिवाय ‘किमान’ म्हणजे कसेबसे चालण्यापुरते. सुरळीत कामासाठी ८ गिगाबाइट असावी.

संथपणाचे गणित

पुष्कळदा संगणक मंदावतो तो प्रोसेसरमुळे नव्हे, तर हार्ड डिस्कमुळे. नेहमीच्या डेस्कटॉपमधील हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाच्या (हेडच्या) खाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. वाचक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी सुमारे ९ मिलिसेकंद. एकूण झाले १३. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून वाचायचे असेल तर सेकंदाला जेमतेम ७५ वेळा वाचता येते. संगणक सुरू होताना तर हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात.

एसएसडी या साठवण-साधनात फिरणारा भागच नसतो. तिथे एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. म्हणून कार्यप्रणाली बदलण्याआधी एसएसडी बसवणे आणि स्मृती वाढवणे हा उपाय करून पाहावा. जुन्या यंत्राचा वेग त्यातच लक्षणीय वाढतो.

मुदत संपणे म्हणजे काय?

‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. बंद झाली ती सुरक्षेची मोफत ठिगळे. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-दुरुस्तीची वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठरवण्यात आली. कार्यप्रणालीत नवी छिद्रे सापडत राहतात. ती बुजवणारे कोणी नसेल तर धोका वाढत जातो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील संगणकांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. ज्या छिद्रातून तो शिरला, त्याचे ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. ज्यांनी ते लावले नव्हते ते सापडले.

मग ‘विंडोज ११’ का चढवू नये? त्यासाठी टीपीएम २.० हा गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षा-घटक लागतो. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा असावा लागतो. आपला २०१५-१६ चा संगणक या अटीत बसत नाही.

दुसरा मार्ग लिनक्सचा. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. केरळच्या सरकारी व अनुदानित शाळा अनेक वर्षे लिनक्सवर शिकवत आल्या आहेत. अनेक लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येतात. आपले छपाईयंत्र व स्कॅनर चालतात का, कार्यालयातील कोणता प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालतो, हे आधी तपासावे.

मराठी फाइलींचे काय?

आपल्या शाळांपुढे एक खास अडचण आहे. जुन्या प्रश्नपत्रिका अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या फाइलीत ‘क’ नसतोच. असतो एखाद्या इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चे चित्र दाखवतो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसला की प्रश्नपत्रिकेऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःचे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. म्हणून जुनी प्रणाली चालू आहे तोवरच फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रतही ठेवावी.

बदलाच्या दिवशी

सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. संगणक यूपीएसवर असावा. मध्येच वीज गेली तर प्रणाली अर्धवट राहते. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बटणासारखी बॅटरीही पाहावी. ती संपली की वीज तोडल्यावर घड्याळ मागे जाते. तारीख चुकली की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे जुळत नाहीत आणि इंटरनेट बिघडले असे वाटते. दोष असतो तो एका स्वस्त बॅटरीचा.

एवढे करूनही यंत्र चालत नसेल तर ते निकालात काढावे, पण रीतीने. भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने जालन्याला नवे नाहीत. संगणक मात्र लोखंडाचे भंगार नव्हे. त्यातील मंडलपट्ट्यांवर शिसे व इतर घातक द्रव्ये असू शकतात. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच तो सोपवावा. त्याआधी विद्यार्थ्यांची माहिती असलेली डिस्क पूर्ण पुसून घ्यावी.

आमच्या मते, नववी-दहावीच्या मुलांना या तपासणीत जरूर सामील करून घ्यावे. स्मृती किती, डिस्क कोणती, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, याचा तक्ता त्यांनीच करावा. शाळेतील कोणता संगणक ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे त्या तक्त्यावरून तीच सांगू शकतील.