स्क्रूला हात शेवटी

पावसाळ्याआधी एका झटक्यात सुरू होणारी चेनसॉ दिवाळीनंतर बाहेर काढली की रुसते. सुरू होऊन लगेच बंद पडते, किंवा रेस देताच मान टाकते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूंकडे जातो, कारण बाहेरून दिसणारे आणि फिरवता येणारे तेवढेच असते. पण हे स्क्रू स्प्रिंगच्या ताणाने धरलेले असतात. नुसत्या पडून राहिलेल्या यंत्रात ते आपोआप फिरत नाहीत. यंत्र ठेवले तेव्हा सेटिंग बरोबर असेल तर ते आजही बरोबर आहे. बदलले आहे ते दुसरेच काहीतरी, आणि ते शोधायचे सोडून स्क्रू फिरवला तर मूळ दोष झाकला जातो व त्यात एका नव्या दोषाची भर पडते. कार्बोरेटर घरी साफ करता येतो, सेटही करता येतो. मात्र साफसफाई आधी आणि सेटिंग नंतर, हा क्रम पाळला तरच.

तो क्रम असाच का, हे या कार्बोरेटरच्या रचनेतून कळते. जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो, म्हणून तो सरळ उभाच असावा लागतो. झाड कापताना करवत आडवी होते, कधी जवळजवळ उलटी होते. फ्लोट असलेल्या सुरुवातीच्या करवतींमध्ये इंजिन सरळ ठेवून फक्त पट्टी फिरवण्याची सोय करावी लागे, आणि त्याने यंत्र जड होई. विसाव्या शतकाच्या मध्यात डायफ्रामचा कार्बोरेटर आला आणि ही अडचण संपली. त्यात दोन पातळ पडदे असतात. इंजिनच्या क्रँककेसमध्ये दाब सतत वरखाली होतो. त्याच्या ठोक्यांवर पहिला पडदा हलतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. दुसऱ्या पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. इंजिनने ओढ घेतली की हा पडदा आत दबतो, एका छोट्या दांडीला रेटतो, दांडी सुई उचलते आणि लागेल तेवढेच पेट्रोल आत येते. सगळा हिशेब एका रबरी पडद्याच्या लवचिकपणावर उभा आहे. तो पडदा कडक झाला की पुरेसा दबत नाही, इंजिनला पेट्रोल कमी पडते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की सेटिंग हलले.

उरलेले पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिले तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि चिकट पिवळट थर मागे राहतो. तो आधी बसतो सर्वांत बारीक वाटांमध्ये: थ्रॉटलच्या झडपेजवळच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांत, आणि आत येणाऱ्या पेट्रोलसमोरच्या नाजूक जाळीवर. छिद्रे अर्धवट बुजली की आयडलिंगला इंजिन डळमळते आणि रेस देताना अडखळते. जाळी भरली असेल तर करवत रिकामी ठीक फिरते, पण लाकडात घालताच दम सोडते. सुईखाली कण अडकला तर उलट घडते. पेट्रोल वाहत राहते, प्लग काळा आणि ओला होतो. यातला एकही दोष स्क्रूने दूर होत नाही. छिद्र बुजले म्हणून स्क्रू जास्त उघडला, तर पुढे कधी तो थर सुटल्यावर इंजिन पेट्रोलने गुदमरते.

सफाईला फार सामान लागत नाही, लागतो तो धीर. त्याआधी एअर फिल्टर, टाकीतला फिल्टर आणि पेट्रोलची नळी पाहावी. कित्येकदा काम तिथेच संपते. कार्बोरेटर उघडायचाच असेल तर आधी प्रत्येक स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून किती फेरे लागले ते लिहून ठेवावे. जोर लावला तर सुईची बैठक कायमची खराब होते. गॅस्केट आणि पडदा यांपैकी आधी कोण, हे मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून प्रत्येक झाकण काढताना मोबाइलवर फोटो घ्यावा. क्लीनरचा फवारा रबरी भाग काढल्यावरच मारावा आणि छिद्रात तार घालू नये. तारेने छिद्र मोठे झाले तर ते परत लहान करता येत नाही. कडक झालेला पडदा धुऊन मऊ होत नाही. तिथे नव्या पडद्याचे किटच लागते.

इथे एक आक्षेप खरा आहे. स्क्रू हलत नाही हे मान्य, पण पेट्रोल तर बदलले! भारतात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि चेनसॉ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दहा टक्क्यांपर्यंतचीच शिफारस करतात. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते. शिवाय ते पाणी धरते आणि जुन्या रबराला सोसत नाही. पायथ्याच्या महाडला सेट केलेली करवत महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १,३५० मीटर उंचीवर नेली तर विरळ हवेमुळे मिश्रण उलट दाट होते. स्क्रू आहेत ते नेमके यासाठी, हवा आणि इंधन बदलते म्हणून. कचऱ्यावर ते औषध नाहीत. यंत्र आतून स्वच्छ आहे याची खात्री असेल तेव्हाच ते फिरवण्याला अर्थ येतो. मग इंजिन गरम करून आधी 'एल' म्हणजे कमी वेगाच्या स्क्रूने आयडलिंग सर्वांत चढेल ते ठिकाण शोधावे आणि तिथून थोडे उघडावे. नंतर आयडलिंगचा स्क्रू इतका कमी करावा की चेन पूर्ण थांबेल. आयडलिंगला चेन फिरत असेल तर ती करवत हातात घेण्यालायक नाही.

'एच' म्हणजे जास्त वेगाच्या स्क्रूबद्दल मेकॅनिक सांगतात, घरी हात लावू नका. ही भीती रास्त आहे. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमधूनच मिळते, एका लिटरला वीस मिलिलिटर ऑइल या साधारण हिशेबाने. पेट्रोल कमी केले की ऑइलही कमी होते, आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांवर पिस्टन ओरखडायला फार वेळ लागत नाही. म्हणून टॅकोमीटर नसेल तर कंपनीने सांगितलेल्या स्क्रूच्या फेऱ्यांवर थांबावे आणि चूक व्हायचीच तर दाट बाजूला होऊ द्यावी. पूर्ण रेसला रिकामी करवत किंचित फडफडली आणि लाकडात शिरताच तिचा आवाज साफ झाला, तर ती सुरक्षित बाजूला आहे. पण या भीतीपोटी सफाईही दुकानावर सोपवावी, हे पटत नाही. तयार नवा कार्बोरेटर स्वस्तात मिळतो म्हणून जुना फेकणाऱ्यांना टाकीतली तीच घाण आणि फुटलेली नळी नव्यातही भेटते, आणि सेटिंग तर नव्यालाही लागतेच. ज्या नव्या करवतींत स्क्रूच नाहीत, इलेक्ट्रॉनिक्स मिश्रण ठरवते, त्यांनाही टाकीत स्वच्छ पेट्रोल आणि न बुजलेली जाळी हवी असते.

राहिला तो साठवणीचा वाद. टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, की थोडे पेट्रोल आत राहू द्यावे? दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, कोरडा पडदा कडक होतो, आणि त्यात तथ्य आहे. पण पडदा किटमध्ये मिळतो आणि झाकणाचे स्क्रू काढून बदलता येतो. छिद्रांतला थर मात्र अनेक कार्बोरेटरमध्ये दाबून बसवलेल्या धातूच्या बुचामागे असतो, आणि ते बूच उपसून पुन्हा हवाबंद बसवणे घरच्या हत्यारांनी अवघड. म्हणून जूनमध्ये करवत ठेवताना ती कोरडीच ठेवावी.