कॅमेरा साधा घ्यावा की एआयचा?

जालन्याच्या बाजारपेठेत आज गल्ल्यावर कॅमेरा नसलेले दुकान शोधावे लागते. सिंधी बाजारातील कापड दुकानापासून औद्योगिक वसाहतीतील सळईच्या कारखान्यापर्यंत आणि भंगाराच्या गोदामापासून अंबड-परतूरच्या किराणा दुकानापर्यंत तो पोहोचला आहे. आता कॅमेरेवाले नवा माल घेऊन येतात. "हा एआय कॅमेरा आहे. चोर आला की स्वतःच ओळखतो, मोबाईलवर कळवतो. जुने सगळे काढून टाका," असे ते सांगतात. काढून टाकण्यापूर्वी दोन्हींत फरक काय, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतलेले बरे.

साधा कॅमेरा पाहतो आणि साठवतो, एवढेच. त्याचे चित्र केबलमधून डीव्हीआरच्या पेटीत जाते व हार्ड डिस्कवर उतरते. डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. हालचाल झाली की सूचना देण्याची सोय साध्या यंत्रातही असते, पण त्याला हालचाल म्हणजे चित्रातील ठिपके बदलणे एवढेच कळते. कुत्रा गेला, पडदा हलला, ट्रकचा उजेड भिंतीवर पडला, रात्रीच्या दिव्याभोवती किडे जमले किंवा कोळ्याने काचेवर जाळे विणले, तरी फोन वाजतो. चार रात्री झोपमोड झाली की मालक ती सूचनाच बंद करून टाकतो.

एआय कॅमेऱ्यामागचा प्रोग्राम असंख्य चित्रे दाखवून शिकवलेला असतो. त्यामुळे माणूस, वाहन आणि जनावर तो बऱ्याच अंशी वेगळे ओळखतो. गोदामाच्या फाटकावर पडद्यावरच एक रेषा आखून द्यायची आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत माणसाने ती ओलांडली तरच फोन कर, असे सांगायचे. वजनकाट्यावर गाड्यांचे क्रमांक टिपून घ्यायचे कामही तो करतो. एका गाडीचा भरलेला काटा आणि रिकामा काटा यांत घोळ होतो, ही भंगार व सळईच्या धंद्यातील जुनी तक्रार आहे. तिथे हा उपयोग खरा आहे. घटना शोधतानाही वेळ वाचतो. सहा तासांचे चित्रण डोळे ताणून पाहण्याऐवजी 'फक्त माणसे दाखव' म्हटले की काम भागते.

परंतु चोरी म्हणजे काय, हे त्यालाही कळत नाही. गल्ल्यात गेलेला हात मालकाचा की नोकराचा, आणि तो सुट्टे पैसे देण्यासाठी गेला की काढून घेण्यासाठी, हे यंत्र सांगू शकत नाही. दिवसभर स्वतः गादीवर बसणाऱ्या दुकानदाराला किंवा आपल्या यंत्रावरून न उठणाऱ्या शिंपी बांधवाला त्याचा फारसा उपयोग नाही. वेल्डिंगच्या शेडमध्ये तर ठिणगीच्या झगमगाटाने कोणत्याही कॅमेऱ्याचे चित्र काही क्षण पांढरे पडते, मग तो कितीही हुशार असो.

आता मुख्य मुद्दा. कॅमेरा लावण्याचा अर्धा हेतू धाक हा असतो आणि अर्धा पुरावा. पुराव्याच्या बाबतीत देशभर ज्याचा दाखला दिला जातो, तो खटला आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत येथे अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मते अधिक घेऊन विजयी झाले. उमेदवारी अर्जाची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ पर्यंत होती. अर्ज मुदतीनंतर आला, अशी तक्रार झाली आणि निर्णय येऊन ठेपला तो निवडणूक कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणावर. त्या चित्रणात अर्ज ३ वाजून ५३ मिनिटांनी दाखल झाल्याचे दिसत होते. मात्र चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र नव्हते. अर्जदारांनी ते वारंवार मागितले, पण ज्यांच्या ताब्यात चित्रण होते त्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचे आहे, तोंडी साक्षीने त्याची जागा भरून निघत नाही, असे न्यायालयाने सांगितले. सर्व प्रयत्न करूनही ते न मिळाल्याने या अर्जदारांना मात्र सूट मिळाली. मूळ यंत्रच मालकाने साक्षीला उभे राहून दाखवले तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

राजकारण बाजूला ठेवा. सारा वाद ५३ मिनिटांचा होता आणि तो कॅमेऱ्याच्या घड्याळावर उभा होता. आपल्या डीव्हीआरचे घड्याळ आपण शेवटचे कधी पाहिले? आतील छोटा सेल संपला आणि वीज गेली की तारीख मागच्या कुठल्या तरी साली जाऊन बसते. चोर स्पष्ट दिसतो, पण चित्रणावर तारीख भलतीच. दर जुम्म्याला दुकान बंद करताना मोबाईलशी घड्याळ ताडून पाहावे. त्याला पैसे लागत नाहीत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला असून त्याच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांचे आहे. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा हॅश क्रमांकही लिहावा लागतो. हा क्रमांक म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच. एक क्षण कापला तरी तो बदलतो.

एआय कॅमेऱ्याची अडचण इथे सुरू होते. अनेक कंपन्यांचे चित्रण दुकानात राहतच नाही. इंटरनेटवरून ते कंपनीच्या दूरच्या संगणकावर जाते आणि त्यासाठी दरमहा फी भरावी लागते. फी थकली किंवा कंपनीने कामकाज गुंडाळले, तर प्रमाणपत्र कोणाकडे मागायचे? चित्रण दुसऱ्याच्या ताब्यात असले की काय होते, ते वरच्या खटल्यात दिसलेच. शिवाय जागा वाचवण्यासाठी काही यंत्रे एआयला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच तुकडे ठेवतात. त्याला वाटले नाही, तर ते चित्रण उरतच नाही.

म्हणून चित्रण अखंड आणि आपल्याच पेटीत असावे. एआय घ्यायचा तर फाटक, काटा किंवा गोदाम अशा एक-दोन ठिकाणी, तेही सूचनेपुरता. बाकीचे जुने कॅमेरे चालू असतील तर फेकू नका. डिस्कचा हिशोब मात्र स्वतः करा. दर सेकंदाला २ मेगाबिट लिहिणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबीपेक्षा अधिक झाले, म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. आपल्याकडे मालाची मोजदाद महिन्याने होते. तूट लक्षात येईपर्यंत पुरावा पुसला गेलेला असतो!

चेहरा ओळखण्याच्या सोयीपासून मात्र दूर राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने अशी यंत्रणा वापरली. निरपराध गिऱ्हाईकांना चोर समजून हटकले गेले, तेव्हा तेथील व्यापार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये तिला पाच वर्षे हे तंत्र वापरण्यास मनाई केली. आपल्या गावात एका इज्जतदार गिऱ्हाईकाला यंत्राच्या भरवशावर अडवले, तर ते घर पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. अंधूक चेहरा एआयने 'स्पष्ट' करून देतो म्हणणाऱ्यालाही नमस्कार करावा. तो चेहरा यंत्राने अंदाजाने भरलेला असतो.

खरेदीच्या वेळी एक पाहा. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना केंद्र सरकारचे सुरक्षाविषयक निकष लागू झाले आहेत. त्यानुसार तपासणी झालेल्या मॉडेलचे नाव पक्क्या बिलावर लिहून घ्या. कॅमेरेवाला जाण्यापूर्वी कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच्यासमोर बदला आणि नवा त्याला सांगू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांचे चित्रण बाहेर विकले गेल्याचे उघडकीस आले. इंटरनेटला जोडलेल्या कॅमेऱ्यांत कोणी तरी दुरून शिरले होते. कपडे बदलण्याच्या खोलीत तर कॅमेरा मुळीच नको. तो फौजदारी गुन्हा आहे. आणि पेटीची चावी गल्ल्याच्या चावीबरोबर ठेवा. चोर हल्ली जाताना डीव्हीआरही उचलून नेतात.