शाळेसाठी रकानाच नाही

2025च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली की ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड मिळणार. खेड्यातल्या मुलांना ते मिळायलाच हवं, आधीच उशीर झालाय. पण भिवंडीत बसून ही बातमी वाचताना जीव तुटला. आमचं गाव कागदोपत्री महानगरपालिका, म्हणजे ग्रामीण नाही. माध्यमिक शाळा बहुतेक संस्थांच्या, अनुदानित, म्हणजे सरकारी नाहीत. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या कामगाराचं पोर दोन्ही चाळण्यांतून खाली पडलं. आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झाल्याला तीस वर्षं पूर्ण झाली. सुरुवातीच्या वर्षांबद्दल भिवंडीकराने फार काही सांगण्यासारखं नाही. विदेश संचार निगमचं पूर्ण खातं 250 तासांना 15,000 रुपये. विद्यार्थ्यांसाठी 500 रुपयांचं होतं, पण त्यात नुसती अक्षरं दिसायची. मुंबईचा कोड 022, आमचा 02522, त्यामुळे मुंबईच्या नंबरवर मॉडेम लावायचा तर एसटीडीचं बिल. शाळांनी तो विचारही केला नाही.

मला लिहायचंय ते 2005 ते 2015 या दहा वर्षांबद्दल. मी तेव्हा एका अनुदानित शाळेत शिकवत होतो आणि संध्याकाळी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचं काम बघत होतो. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. सरकारी व्याख्येप्रमाणे 256 केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, पण आम्हाला तेवढंही अप्रूप होतं. शाळेसाठी अर्ज भरायला घेतला, तर त्यात दोनच चौकोन: घरगुती आणि व्यावसायिक. काउंटरवरच्या माणसाने मुख्याध्यापकांचा शिक्का बघितला आणि पेनने 'व्यावसायिक'वर खूण केली. वाचनालयाच्या अर्जाचंही तेच. महिना पाच-दहा रुपये वर्गणी घेणारं वाचनालय आणि कापडाची पेढी एकाच दरात! स्वस्त होते ते घरगुती प्लॅन. त्यातही अमर्याद डेटा रात्री दोन ते सकाळी आठ, म्हणजे शाळेला आणि वाचनालयाला कुलूप असतं त्या वेळेत. आम्ही सवलतीसाठी पत्रं लिहिली, समक्ष जाऊन भेटलो. उत्तर ठरलेलं: असा वर्ग आमच्याकडे नाही.

मग योजना आल्या. 2009 साली केंद्राचं माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन आलं. जोडणीचा 75 टक्के खर्च केंद्राचा, 25 टक्के संस्थेचा. फार चांगली योजना, पण ती महाविद्यालयांसाठी. शाळांसाठी आयसीटी योजना होती. राज्यात टप्प्याटप्प्याने काही हजार शाळांत संगणक कक्ष झाले, तेही पाच वर्षांच्या ठेक्यावर. ठेका संपला तसे संगणक शिक्षक घरी गेले आणि आझाद मैदानावर उपोषणाला बसले. संगणक शाळांच्या गळ्यात पडले. ते चालवायला माणूस नाही आणि नेटचं बिल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं, हे कुणी सांगेना. वेतनेतर अनुदान तर मध्ये काही वर्षं बंदच होतं.

मागणी मात्र वाढत होती. अकरावीचे प्रवेश आमच्याकडे ऑनलाइन झाले, पगारबिलं 'शालार्थ'वर गेली, 2015मध्ये 'सरल' आलं. एकेका विद्यार्थ्याची माहिती पोर्टलवर भरायची, पोर्टल दिवसा उघडायचं नाही, म्हणून आमच्या बाई घरचं आवरून सायबर कॅफेत बसायच्या आणि तासाचे पैसे स्वतःच्या पर्समधून द्यायच्या. सरकारने शाळेकडून इंटरनेट मागितलं, पण शाळेला दिलं नाही. त्या वर्षांचा माझा राग अजून गेलेला नाही.

याच काळात मानकोली, दापोडे, पूर्णा या पट्ट्यात गोदामं उभी राहिली आणि त्यांच्यासाठी फायबर आली. आली ते बरंच झालं. पण महामार्गाच्या कडेला एवढी केबल पुरली जात असताना आतल्या वस्तीतल्या मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमाच्या शाळांपर्यंत एक जोडणी स्वस्तात नेण्याचं कलम परवानगीत घालावं, असं कुणालाच वाटलं नाही.

हे अशक्य होतं असं कुणी सांगू नये. वीज नियामक आयोगाने 2012च्या दर आदेशात शाळा आणि रुग्णालयांना दुकानं-मॉलच्या रांगेतून बाहेर काढलं आणि 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग दिला. पुढे वाचनालयंही त्यात आली. विजेला जे जमलं ते दूरसंचारला का जमू नये? अमेरिकेने 1996च्या दूरसंचार कायद्यात शाळा आणि ग्रंथालयांसाठी सवलतीचा दर लिहूनच ठेवला. तिथे शाळेत मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं जितकी जास्त, तितकी सूट जास्त, 20पासून 90 टक्क्यांपर्यंत. शाळा शहरात आहे म्हणून तिथे कुणाला वगळत नाहीत. या खर्चाचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, ते जून 2025मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं.

असा निधी आपल्याकडे 2002पासून आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के त्यात जातात, म्हणजे शेवटी भिवंडीतल्या कामगाराच्या रिचार्जमधूनच जातात. त्यातले हजारो कोटी वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिले. आमच्यासारख्या गावाने विचारलं की उत्तर यायचं, हा निधी ग्रामीण आणि दुर्गम भागांसाठी आहे.

कोरोनाने या सगळ्याचा हिशेब मांडला. माग थांबले, मे 2020च्या सुरुवातीला भिवंडी रोडहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली आणि मागे राहिलेल्या घरांत एका फोनवर तीन भावंडांची शाळा भरली. बाप कामावर निघाला की फोन त्याच्याबरोबर जायचा आणि शाळा संपायची. जवळच्या वाचनालयात चालू इंटरनेट असतं, तर अंतर ठेवून दहा-दहा मुलांना तरी बसवता आलं असतं. जुलै 2024मध्ये रिचार्ज महागले, तेव्हा रोज दीड जीबीचा 239चा प्लॅन 299वर गेला. घराघरांतला डेटा पहिल्यांदा कापला गेला तो मुलांचाच.

वाचनालयांचं अनुदान दहा वर्षं गोठलं होतं, ते 2022अखेर 60 टक्क्यांनी वाढलं. त्यातून कर्मचाऱ्याचा पगार भागवायचा, पुस्तकं घ्यायची की नेटचं बिल भरायचं? त्या बिलावर 18 टक्के जीएसटी आहे. शाळेने साफसफाईची किंवा पहाऱ्याची सेवा घेतली तर जीएसटी माफ, इंटरनेट घेतलं तर पूर्ण. हे जीएसटी परिषद एका बैठकीत बदलू शकते.

2023च्या दूरसंचार कायद्याने जुन्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी केलं आणि त्याच्या उद्देशात ग्रामीण, दुर्गम यांच्याबरोबर सेवावंचित शहरी भागही घातला. त्यामुळे जुनं उत्तर आता चालणार नाही. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या सगळ्या शाळा आणि सार्वजनिक वाचनालयांची यादी करावी. कुठे जोडणी आहे, किती बिल येतं, किती मुलं शालेय पोषण आहार घेतात, हे त्यात लिहावं आणि या निधीतून सवलतीचा दर मागणारा प्रस्ताव आमदार-खासदारांच्या सह्यांनिशी दिल्लीला पाठवावा. यादी करायला आमच्यातले निवृत्त शिक्षक विनामोबदला तयार आहेत.